बाण कोणत्या दिशेने?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत 'मोबाइलवर आपले ठिकाण कसे कळते' या विषयावरचा एखादा तक्ता आता हमखास दिसतो. वर पंख पसरलेला उपग्रह, खाली मोबाइल, मोबाइलकडून उपग्रहाकडे जाणारा एक बाण आणि उपग्रहाकडून परत येणारा दुसरा. शेजारी लाल टाचणी टोचलेला नकाशा. मुलांना विचारले की ती धडाधड सांगतात, "फोन उपग्रहाला विचारतो, मी कुठे आहे? उपग्रह वरून बघतो आणि सांगतो." चित्र सुबक असते आणि बऱ्याचदा पाठही थोपटली जाते. वस्तुतः त्यातला एक बाण चुकीचा आहे, आणि जो बाण सर्वांत महत्त्वाचा, तो काढलेलाच नाही.

आधी चुकीचा बाण पाहू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. खिशातल्या फोनचा क्षीण संदेश तिथवर पोहोचवण्याची सोयच या पद्धतीत नाही, कारण तिची गरजच नाही. (अलीकडच्या काही फोनांतून आणीबाणीचा संदेश उपग्रहाकडे पाठवता येतो, पण ते उपग्रह वेगळे, बरेच खालून फिरणारे.) जीपीएसचा उपग्रह हा आकाशवाणीच्या केंद्रासारखा आहे. केंद्र बोलत राहते. कोणत्या घरात रेडिओ चालू आहे हे त्याला ठाऊक नसते. उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो: माझ्या घड्याळात आता किती वाजले आणि मी या क्षणी कुठे आहे. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तरीही उपग्रह डोक्यावर असला तर त्याला यायला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. हा उशीर मोजला की अंतर निघते. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून आपण अंतर काढतो, तसेच हे.

इथे एक सुंदर अडचण येते, आणि ती वर्गात जरूर मांडावी. सेकंदाचा दशलक्षांश चुकला तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहावर आण्विक घड्याळे असतात, फोनमध्ये साधे. मग फोन काय करतो? तो स्वतःच्या घड्याळातील चूक हीदेखील एक अज्ञात राशी मानतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि ही चूक, अशी चार अज्ञाते. म्हणून निदान चार उपग्रह हवेत. एकसामयिक समीकरणांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर देता येईल असे वाटत नाही. सांगायचा मुद्दा असा की हे सगळे गणित फोनमध्ये होते. उपग्रह बघत नाही, विचारत नाही आणि त्याला काही कळतही नाही.

आता न काढलेला बाण. त्यासाठी दोन सोपे प्रयोग आहेत. नकाशा आधीच उतरवून घ्या, लोकेशन चालू ठेवा, फोन विमान मोडवर टाका आणि मैदानात जा. बहुतेक स्मार्टफोनांत थोड्या वेळाने नकाशावरचा ठिपका आपल्याबरोबर सरकू लागतो. मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलणे बंद असूनही फोनला स्वतःची जागा कळते. मग उलट करा. विमान मोड काढा, लोकेशन बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करा. तो वाजतो! देशभरातल्या असंख्य मनोऱ्यांपैकी नेमक्या याच मनोऱ्यावरून हाक मारायची, हे जाळ्याला कसे कळले?

तर जाळे दिवसभर फोनची हजेरी घेत असते. मनोऱ्यांचे गट पाडलेले असतात. फोन एका गटाच्या हद्दीतून दुसऱ्यात गेला की तसे कळवतो. जागचा हलला नाही तरी ठराविक काळाने 'मी इथे आहे' असे सांगतो. कॉल आला की त्या गटातील मनोरे त्याच्या नावाने पुकारा करतात, आणि तो उत्तर देतो तो मनोरा पक्का होतो. मुलगा शाळेच्या कोणत्या इमारतीत आहे एवढे ठाऊक असते. मग शिपाई त्या इमारतीतल्या वर्गावर्गांतून नाव पुकारतो. म्हणजे ठावठिकाणा कळणे ही मोबाइलवर मागाहून चिकटवलेली सोय नव्हे. त्याच्याशिवाय फोन वाजणारच नाही. आपल्याकडे जुन्या साध्या फोनांवर 'सेल इन्फो' चालू केले की पडद्यावर परिसराचे नाव उमटत असे, तेही जीपीएस नसताना, ते याच जोरावर. शिवाय जीएसएम पद्धतीत प्रत्येक फोनचा संदेश आपल्या ठरलेल्या क्षणी मनोऱ्यावर पोहोचावा लागतो. त्यासाठी दूरच्या फोनला थोडे आधी बोलायला सांगतात. ही 'आधी'ची मात्रा पायऱ्यापायऱ्यांनी ठरते आणि एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर. मात्रा वाचली की अंतर आयतेच मिळाले.

याच कच्च्या मालातून ठिकाणावर आधारित सेवा उभ्या राहिल्या. पहिला मोठा रेटा आला तो अमेरिकेत, १९९६ साली. मोबाइलवरून ९११ क्रमांकाला कॉल करणारा कुठे आहे हे कंपन्यांनी कळवावे, असा नियम तिथल्या संचार आयोगाने केला. १९९९ मध्ये त्याचे निकष असे ठरले: जाळ्याने शोधल्यास ६७ टक्के कॉलमध्ये १०० मीटरच्या आत आणि ९५ टक्के कॉलमध्ये ३०० मीटरच्या आत. फोनने शोधल्यास हेच आकडे ५० आणि १५० मीटर. नियमाची भाषा किती प्रामाणिक आहे पाहा. तीनांतला एक कॉल १०० मीटरच्या बाहेर असू शकतो, हे त्यात उघड मान्य केले आहे. आमच्या तक्त्यावरची लाल टाचणी मात्र नकाशाला एका बिंदूत टोचते. फोनचा नकाशासुद्धा ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दाखवतो. प्रकल्पाच्या चित्रात ते नेमके गळते. खेडेगावात, जिथे एकेक मनोरा काही किलोमीटरचा मुलूख सांभाळतो, तिथे मनोऱ्यावरून काढलेले हे वर्तुळ केवढे होईल, हे मुलांना कंपासने काढायला लावावे.

एवढ्याशा बाणावरून इतका काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की ज्याला 'उपग्रह पाहतो' असे शिकवले जाते, तो मुलगा लोकेशन बंद केले की आपण दिसेनासे झालो, असे समजतो. जर्मनीतील ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या दूरध्वनी कंपनीकडून स्वतःच्याच नोंदी मिळवल्या. ऑगस्ट २००९ अखेर ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांत त्यांचे ठिकाण ३५ हजारांहून अधिक वेळा नोंदले गेले होते. २०११ मध्ये 'डी त्साइट' वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने त्यांचा चालता नकाशा केला. श्पिट्झ कधी आगगाडीत आहेत, रात्री कुठे मुक्कामाला आहेत, हे त्यात दिसते. शिक्षकाने वापरावा असाच हा नकाशा आहे. दोष एकच: मूळ नोंदी मनोऱ्यांच्या, आणि पडद्यावर सरकतो तो माणसाचा ठिपका, त्यामुळे तोही टाचणीइतकाच नेमका वाटतो.

पण नेमकेपणा नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. २०१३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात द मोंजोय आणि सहकाऱ्यांचे संशोधन आले. त्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावे काढलेली, वेळ तासापुरतीच, जागा मनोऱ्यापुरतीच. तरीही अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता आले. भारतातही २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपण्याची अट कंपन्यांना घातली. गुन्ह्याच्या तपासात त्यांचा उपयोग होतो हे खरेच. ११२ वर कॉल करणाऱ्याला वेळेवर मदत मिळावी हेही आपल्याला हवेच आहे. पण हे उपयोग आणि ही जोखीम एकाच नोंदीतून निघतात, आणि ती नोंद चित्रात कुठेच नाही.

तक्ता फाडून टाकायला नको. वर जाणारा बाण खोडावा आणि एकाऐवजी चार उपग्रहांकडून खाली येणारे चार बाण काढावेत. मोबाइलशेजारी मनोरा काढून त्याच्याशी दुहेरी बाण जोडावा आणि मनोऱ्यामागे नोंदवही दाखवावी. मग आणखी एक बाण: फोनने हिशेब करून काढलेले ठिकाण परवानगी मिळालेले एखादे ॲप, मनोऱ्यामार्फत किंवा वायफायमार्फत, दूरच्या संगणकाकडे पाठवते. रिक्षा मागवताना तो हवा असतो. विजेरीच्या ॲपला तो कशाला हवा, हे मुलांनाच विचारावे. टाचणी काढून तिच्या जागी वर्तुळ काढावे. प्रत्येक बाणाच्या टोकाशी मुलांनी 'इथे कोणाला काय कळले' हे लिहायचे. उपग्रहापाशी 'काहीच नाही' असे येईल.