उदास गोळा आणि त्याची गोळी

2001 साली अमेरिकन टीव्हीवर झोलॉफ्ट या अँटीडिप्रेसंटची एक जाहिरात लागायची. साध्या रेघांनी काढलेला, अंड्यासारखा एक पांढरा गोळा. तोंड पाडून बसलेला, उसासे टाकणारा, डोक्यावर पावसाचा ढग. मग मेंदूतल्या दोन पेशींची आकृती येते. त्यांच्यामध्ये थोडेसेच ठिपके असतात. गोळी घेतल्यावर ठिपके वाढतात, आणि आपला गोळा टुणटुण उड्या मारायला लागतो. सगळा मामला एका मिनिटात आटोपतो.

या जाहिरातीवर आज लिहायचं कारण असं, की तिने सांगितलेली गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात अजून तशीच आहे, जाहिरात बघितली नसली तरी. ‘मेंदूत केमिकल इम्बॅलन्स झालाय, सेरोटोनिन कमी पडलंय, गोळीने ते भरून निघतं.’ आई-बाबांना समजवायचं तर आपण पुढे जोडतो, ‘डायबेटिसला इन्सुलिन घेतात ना, तसंच आहे हे.’ आणि ते पटतंही, कारण मराठी घरात डायबेटिस कुणाला परका नाही.

आधी जाहिरातीचं श्रेय. त्या गोळ्याला वय नाही, रंग नाही, बाई-पुरुष असा भेद नाही. त्यामुळे कुणालाही त्यात स्वतःला बघता येतं. ‘आळशी आहेस’, ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ हे ऐकून कंटाळलेल्या माणसाला, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे, एवढं कुणीतरी सांगणं ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडे अजूनही या औषधांना ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणतात आणि ते म्हणताना आवाज खाली येतो. त्यापेक्षा ती जाहिरात कितीतरी बरी.

पण तिने तीन गोष्टी झाकल्या, आणि औषध सुरू करण्याआधी नेमक्या त्याच माहीत हव्यात.

पहिली, कारण. नीट ऐकलं तर जाहिरातीतला आवाज म्हणतो की नैराश्याचं कारण माहीत नाही, रसायनांच्या असंतुलनाशी त्याचा संबंध असू शकतो. पुढच्याच वाक्यात तो ‘असू शकतो’ गायब होतो आणि औषध ते असंतुलन दुरुस्त करतं असं सांगितलं जातं. 2022 मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. मग लगेच काहींनी ‘म्हणजे या गोळ्या थोतांड’ असा निष्कर्ष काढला. तोही चुकीचा. बाम चोळल्यावर डोकं उतरलं, म्हणून काही शरीरात बामाची कमतरता होती असं होत नाही. औषध का चालतं आणि चालतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर आपल्याकडे आहे. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 522 ट्रायल्स एकत्र केल्या. 21 औषधं, 1,16,477 प्रौढ रुग्ण. सगळी औषधं प्लसिबोपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक बेताचाच होता, आणि यातल्या बहुतेक ट्रायल्स साधारण आठ आठवड्यांच्या होत्या. म्हणजे काहींना भरपूर फायदा, काहींना थोडा, काहींना नाही. तुम्ही यातले कोण, हे आधी कळत नाही. इन्सुलिनचा दाखला इथेच फसतो. साखर मोजता येते, पण तुमचं सेरोटोनिन मोजून कुणी डोस ठरवत नाही.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे वेळ. गोळा काही सेकंदांत हसतो. खऱ्या आयुष्यात फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. साइड इफेक्ट्स मात्र पहिल्या दिवसांतच येऊ शकतात. मळमळ, झोप बिघडणं, बेचैनी. हे बहुतेकदा ओसरतं. सेक्सची इच्छा कमी होणं किंवा ऑरगॅझमला अडचण येणं मात्र खूप जणांना होतं आणि औषध चालू असेपर्यंत टिकू शकतं. लाजून सांगितलं नाही, तर डॉक्टर विचारतीलच असं नाही.

आणि तुमचं वय 25 च्या आत असेल तर हे जास्त महत्त्वाचं. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना काही तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक चौकटीतला इशारा घातला. त्याचा अर्थ औषध घेऊच नये असा नाही. उपचाराविना राहिलेलं नैराश्यही जिवावर बेततं. अर्थ एवढाच, की एका माणसाला तरी आधी सांगून ठेवा आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतली अपॉइंटमेंट चुकवू नका. असे विचार आले तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. अमेरिकेत 988, ब्रिटनमध्ये 116 123 या नंबरवर चोवीस तास बोलता येतं.

तिसरी गोष्ट, शेवट. जाहिरातीतला गोळा औषध कधी बंद करतो? ते दाखवलेलंच नाही. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. अचानक सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीनला जास्त, फ्लुओक्सेटीनला कमी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सनेही 2019 मध्ये मान्य केलं की हा त्रास काहींना तीव्र होतो आणि लांबतो. म्हणून डोस हळूहळू, डॉक्टरांबरोबर ठरवूनच उतरवायचा.

आपल्यासाठी याचा एक खास अर्थ आहे. डिसेंबरात घरी जाताना आईच्या नजरेस पडू नये म्हणून गोळ्या इथेच ठेवून जाणं, म्हणजे अचानक औषध सोडणंच. पुरेल इतका साठा, प्रिस्क्रिप्शनसकट, हँडबॅगेत ठेवा. प्रवास आखाती देशांतून असेल तर तिथले नियम आधी बघा, काही औषधांना परवानगी लागते. आणि येताना आईने बॅगेत भरलेलं कॉम्बिफ्लाम घेण्याआधी विचारा. त्यात आयबुप्रोफेन असतं आणि या गोळ्यांसोबत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, मायग्रेनची काही औषधं आणि सेंट जॉन्स वर्ट यांबद्दलही सांगा. घरात कुणाला बायपोलर असेल, किंवा तुम्हालाच कधी झोपेविना दिवसचे दिवस भन्नाट उत्साह चढला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. निव्वळ अँटीडिप्रेसंटने तो उन्माद उसळू शकतो.

जाहिरातीतला गोळा एक शब्दही बोलत नाही. तुम्ही बोला. हेच औषध का? फायदा होतोय हे कशावरून आणि कधी ठरवायचं? नाही झाला तर पुढे काय? थेरपी सोबत घेता येईल का? बंद कसं करायचं? पहिल्या भेटीत एवढे पाच प्रश्न विचारले, तर उत्तरं अर्धी मिळाली तरी तुम्ही त्या गोळ्यापेक्षा बरेच पुढे असाल.