'हवाईसुंदरी' : एका शब्दाची चिकित्सा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी एका खाजगी विमानकंपनीत केबिन क्रू म्हणून लागली. तिची आई नगरपरिषदेत सफाई कामगार आहे, वडील नाहीत. वस्तीतल्या तरुण मंडळाने बुद्धविहारासमोर फ्लेक्स लावला : 'आपल्या वस्तीची कन्या हवाईसुंदरी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' सत्काराला मलाही बोलावले होते. मी तिला तीन वर्षे मराठी शिकवले, एवढाच माझा अधिकार. भाषणे चालू असताना चळवळीत आयुष्य घालवलेले एक वयस्क कार्यकर्ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "ताई, आपल्या पोरींनी शिकून पुन्हा लोकांची खरकटी ताटंच उचलायची का?" समोर फ्लेक्सवरचा तो शब्द आणि शेजारी हा प्रश्न. त्या रात्री मला दोहोंचेही उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

साहित्याच्या नियतकालिकात विमानातील नोकरीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, समीक्षा केवळ कविता-कादंबऱ्यांचीच करायची नसते. नोकरीची जाहिरात, सेवेचे नियम, न्यायालयाचा निकाल, वर्तमानपत्राचा मथळा हीसुद्धा भाषेतील रचनाच आहे, आणि या रचनेने माणसांची आयुष्ये ठरतात. ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे इतरांनी दिलेली नावे आली, त्यांनी तरी नावाची चिकित्सा सोडून चालणार नाही.

एस. टी.त तिकिटे देणाऱ्या स्त्रीला आपण कंडक्टर म्हणतो. दवाखान्यात सलाईन लावणारी नर्स असते, शाळेत शिकवणारी शिक्षिका असते. यांतल्या कोणाच्याही कामाच्या नावात 'सुंदरी' नाही. विमानात तेच काम करणाऱ्या पुरुषालाही कोणी 'हवाईसुंदर' म्हणत नाही. तो पर्सर असतो, स्टुअर्ड असतो. म्हणजे पुरुषाच्या नावात काम आहे आणि स्त्रीच्या नावात रूप आहे. जातिव्यवस्थेने आमच्या कामाचे नाव आमच्या अंगाला कायमचे चिकटवले. काम सुटले तरी नाव सुटले नाही. 'हवाईसुंदरी' या शब्दात नेमके उलट घडते. तिथे काम पुसले जाते आणि नुसता देह उरतो. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : नाव ठेवणारा वेगळा आणि ते वाहणारा वेगळा.

हा शब्द काही आकाशातून पडलेला नाही. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलन चर्च ही पहिली स्त्री या कामावर रुजू झाली. ती प्रशिक्षित परिचारिका होती. तिला खरे म्हणजे वैमानिक व्हायचे होते. ते काम तिला मिळाले नाही. पहिल्या तुकडीतल्या आठही जणी परिचारिका होत्या. घाबरलेल्या, आजारी पडलेल्या प्रवाशाला सांभाळणे हे त्यांचे काम. पण त्यासोबतच त्या अविवाहित, तरुण आणि वजनाने हलक्या असाव्यात, अशा अटी आल्या. कौशल्य आणि रूप यांची गाठ त्या दिवशी मारली गेली. पुढे कौशल्य मागे पडत गेले आणि रूप पुढे आले.

आपल्याकडे काय झाले? एअर इंडियातील स्त्रियांच्या वादात १९६५ साली खोसला न्यायाधिकरणाने निवाडा दिला. तऱ्हेतऱ्हेच्या स्वभावाच्या प्रवाशांना हाताळणे वयस्क स्त्रीपेक्षा तरुण आणि आकर्षक स्त्रीला सोपे जाते, अशा आशयाचे समर्थन त्यात आहे. कंपनीच्या नियमानुसार या स्त्रीची सेवा वयाच्या ३५व्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, अथवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा संपत असे. विमानात तिच्या बरोबरीने राबणारा पुरुष मात्र ५८ वर्षांपर्यंत नोकरीत राही. नर्गेश मिर्झा खटल्यात २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. ३५ नंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारा भागही रद्द केला. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट कायम ठेवली, आणि स्त्री व पुरुष कर्मचारी हे दोन निरनिराळे वर्ग आहेत, हेही मान्य केले. 'निरनिराळे वर्ग' हे शब्द आपल्या वाचकाने नीट वाचावेत. आधी माणसांना वेगळे करायचे आणि मग वेगळेपण हेच विषम वागणुकीचे कारण म्हणून पुढे करायचे, ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

तो निकाल जुना झाला, असे म्हणावे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१४च्या नियमांकडे पाहावे. उंचीच्या मानाने वजन किती असावे, हे मोजणारा निर्देशांक पुरुषांसाठी १८ ते २५ योग्य, तर स्त्रियांसाठी १८ ते २२! विमान एक, काम एक आणि दरवाजाही एकच; मग तराजू दोन कशासाठी?

मी स्वतः या तराजूवर उभी राहिले आहे. २००९ साली मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात त्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. जाहिरात वाचून मी मैत्रिणीचे बूट घालून पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात मुलाखतीला गेले. उंची भरली. टाचा उचलून भिंतीवरच्या खुणेला हात लागला. इंग्रजीची तयारी तर मी महिनाभर आरशासमोर केली होती. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, हात उलटेपालटे करून पाहिले आणि 'थँक यू' म्हटले. मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. जाहिरातीत 'गोरी हवी' असे लिहिलेले नव्हते. 'नितळ कांती' असे होते. मला जातीमुळे नाकारले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी माझी जात विचारली नाही. पण त्यांनी दुसरे काहीच विचारले नाही, हेही तितकेच खरे. कारण न देता नाकारता येते, तिथे कोणते कारण काम करून गेले हे कधीच सिद्ध करता येत नाही. ही त्या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

इथे आपल्या समीक्षेने एक फरक केला पाहिजे. या नोकरीच्या सगळ्याच अटी खोट्या नाहीत. डोक्यावरच्या कप्प्यातील आणीबाणीच्या साहित्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे, ही अट कामातून आलेली आहे. दृष्टी चांगली हवी, हीसुद्धा. अशी अट मोजता येते आणि तिचे कारण सांगता येते. पण 'नितळ कांती', 'आकर्षक व्यक्तिमत्त्व' यांची मोजपट्टी कोणाच्या डोळ्यांत असते? रंगाला जात नसते. आपल्यात गोरे आहेत, त्यांच्यात काळे आहेत. पण सुंदर कशाला म्हणावे या कल्पनेला मात्र जात असते. कोणता उच्चार शुद्ध, कोणते हसू सभ्य, कोणती चाल घरंदाज, हे ज्यांनी ठरवले त्यांच्या घरात ते आपोआप येते. आम्हाला ते विकत शिकावे लागते. दलित समीक्षेने 'सत्यं शिवं सुंदरम्'ची झाडाझडती कधीच घेतली आहे. पण आपण 'सुंदर' हा शब्द कवितेत तपासला, नोकरीच्या दारात तपासायचा राहिला.

माझ्या विद्यार्थिनीबरोबर मुलाखतीला गेलेली तिची मैत्रीण मनगटावरच्या गोंदणामुळे परत आली. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत तिने 'जय भीम' गोंदवून घेतले होते. नियम सर्वांना सारखा होता. फुलपाखरूही चालत नव्हते. म्हणून त्याला मी जातीयवाद म्हणणार नाही. पण ती मला म्हणाली, "मॅडम, ते काढून या म्हणाले. काढू का?" काय उत्तर द्यावे, ते मला अजूनही सुचलेले नाही.

या बाबतीत आपल्याला अमेरिकेतील काळ्या स्त्रियांकडून शिकता येते. दलित पँथरने १९७२ साली ज्या लढ्याकडून नाव घेतले, त्या लढ्याचाच हा एक कोपरा. रूथ कॅरल टेलर ही काळी तरुणी परिचारिका होती. एका मोठ्या कंपनीने नाकारल्यावर तिने न्यूयॉर्क राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार केली. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मोहॉक एअरलाइन्सच्या विमानात ती कामावर उभी राहिली. अमेरिकेतील पहिली काळी विमानसेविका. सहा महिन्यांत तिची नोकरी गेली, ती लग्नामुळे. वर्णाचे दार तिने उघडले, तर स्त्रीत्वाच्या दाराने तिला बाहेर काढले. दलित स्त्रीला हे दोन दरवाजे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

आता कामाविषयी. हे काम केवळ हसून पाणी देण्याचे आहे, हा समज त्या शब्दानेच पसरवला. नियम असा की, दर ५० आसनांमागे एक कर्मचारी हवा. १८० आसनांच्या विमानात चार. निम्मे दरवाजे बंद धरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजेत, ही विमानाची कसोटी असते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरणकर्ते विमानात शिरले, तेव्हा नीरजा भनोतने वैमानिकांना सावध केले आणि शेवटी प्रवाशांना बाहेर काढताना गोळ्या झेलल्या. तिला अशोकचक्र मिळाले ते सौंदर्यासाठी नव्हे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी कर्ण्यावरून आणि ओरडून वाट दाखवली. या कामाला 'सुंदरी' म्हणणे म्हणजे अग्निशामक जवानाला त्याच्या मिशांवरून नाव देण्यासारखे आहे.

माझी विद्यार्थिनी सुट्टीत आली, तेव्हा तिने मला तिचा दिवस सांगितला. पहाटे तीनला गाडी येते. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, आणि हे तास विमान जागेवरून हलल्यावर सुरू होतात. त्याआधीचे प्रवाशांना बसवणे, सामान चढवणे त्या तासांत धरत नाहीत. दोन फेऱ्यांमध्ये आसनांखालचा कचरा याच मुली उचलतात. ती म्हणाली, "मॅडम, आई झाडते त्याला झाडणं म्हणतात. मी उचलते त्याला टर्नअराउंड." अपमान गिळून हसू टिकवणे हेही काम आहे, आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानसेविकांचाच अभ्यास करून त्याला भावनिक श्रम म्हटले. त्याचे पैसे कोणत्याच तासात धरत नाहीत.

मग ती पाण्याविषयी बोलली. तिच्या आजीला हॉटेलात पाणी वरून ओंजळीत मिळे. "मी पहिल्यांदा ग्लास दिला तेव्हा हात थरथरला. समोरच्यानं माझ्याकडं न बघताच घेतला." २० मार्च १९२७ रोजी महाडला जे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याची ही पुढची पायरी म्हणावी काय? मलाही क्षणभर तसे वाटले. पण लगेच ती म्हणाली, "बॅजवर फक्त पहिलं नाव असतं, ते बरं आहे." या 'बरं आहे'मध्ये सारे आले. गणवेशाने जात झाकली आहे, मोडलेली नाही. आडनाव दिसले असते तर काय, हा प्रश्न तिच्याबरोबर रोज विमानात चढतो.

आता त्या कार्यकर्त्यांच्या प्रश्नाकडे. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. म्हणून प्रश्न ताटाचा नाही. ते ताट कोणी उचलायचे हे जन्माने ठरते काय, आणि ते खाली ठेवून निघून जाता येते काय, हा प्रश्न आहे. आईच्या हातातला झाडू तिने निवडला नव्हता. मुलीने ही नोकरी निवडली आहे आणि उद्या ती सोडू शकते. अर्थात प्रशिक्षणाच्या फीसाठी आईने बचत गटातून काढलेले कर्ज फिटल्यावरच. तेव्हा, दादा, तुमची शंका खोटी नाही. पण ती मुलीला नव्हे, मालकाला विचारली पाहिजे.

आणि मालक बदलला आहे. एअर इंडिया सरकारी होती तोवर भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा होत्या. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि सरकारी विमानकंपनीतले ते दार मिटले. आता उरली ती तिसऱ्या टेबलावरची नजर. ज्या नजरेला कारण द्यावे लागत नाही, तिच्यावर आपल्या मुलींचे भवितव्य सोडणे म्हणजे पुन्हा मर्जीवर जगणे होय. म्हणून निवडीच्या अटी कामाशी जोडलेल्या आणि लेखी असाव्यात, नकाराचे कारण मिळावे, जमिनीवरच्या तासांचे दाम मिळावे आणि खाजगी क्षेत्रातही राखीव जागा असाव्यात, ही मागणी चळवळीने केली पाहिजे. आणि ज्या मुली हे काम करतात, त्यांनी ते लिहिले पाहिजे. आपल्या आत्मकथनांनी गिरणी, शेत, गटार लिहिले. विमान अजून लिहायचे आहे.

हे सारे व्हायला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजच करता येईल. पुढच्या वेळी वस्तीतली मुलगी या कामावर लागली, तर आपल्या फ्लेक्सवर तिच्या रूपाचे नव्हे, तिच्या कामाचे नाव लिहू या. विमानसेविका म्हणा, केबिन क्रू म्हणा. आणि त्यापुढे तिचे आडनावही लिहू या, संपूर्ण.