'पिशवी काढली' म्हणजे नेमके काय?

हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांतल्या बायकांच्या बोलण्यात 'पिशवी काढली' हे शब्द अगदी सहज येतात. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पण गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली का, हे 'पिशवी' हा शब्द सांगत नाही. अंडाशये गेली तर रजोनिवृत्ती एकाएकी येते, हाडे लवकर ठिसूळ होतात.

मग 'गर्भाशयोच्छेदन' म्हणावे काय? आमचा आक्षेप इथेच आहे. इंग्रजी वैद्यकाने ग्रीकमधून घेतलेली शेपटे नेमकी आहेत. 'टॉमी' म्हणजे चिरून उघडणे, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणे, 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करून ठेवणे. लॅपरॉटॉमीत पोट उघडतात, अपेंडिसेक्टॉमीत आंत्रपुच्छ काढतात, कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणतात. आपल्याकडे मात्र 'छेदन' आणि 'उच्छेदन' यांत कानाला जेमतेम फरक! गंमत अशी की सुश्रुतसंहितेतल्या आठ शस्त्रकर्मांत हा भेद स्वच्छ आहे: 'छेद्य' म्हणजे कापून काढणे, 'भेद्य' म्हणजे चिरून उघडणे. आज आपण साध्या चिरेलाच 'छेद' म्हणतो.

मॅकबर्नीने १८९४ मध्ये वर्णन केलेली आंत्रपुच्छाची चीर घ्या. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पावी. हाडाकडून तिच्या एक-तृतीयांशावर ही चीर येते. आत स्नायूंचे तीन थर कापत नाहीत, तंतूंच्या दिशेने फाकवतात. याला 'छेद' म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चुकीचेच चित्र उभे राहते.

हा काही केवळ शब्दांचा कीस नव्हे. दिल्लीतल्या एका प्रकरणात संमती दुर्बिणीने तपासणीची, आणि लागल्यास पोट उघडण्याची होती. प्रत्यक्षात गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली. उघडण्याची संमती म्हणजे काढण्याची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले विद्यार्थी इंग्रजीतून शिकतात. इंदापूरकडून येणारा रुग्ण मराठीतच विचारणार. चिरणे, काढणे, तोंड करणे ही तीन क्रियापदे आणि पुढे अवयवाचे नाव, एवढे आम्हांला पुरेसे वाटते. 'गर्भाशय काढले, अंडाशये ठेवली' हे वाक्य घरी जाताना दिलेल्या कागदावर मराठीत लिहायला कुठलाही कोश लागत नाही.