कर्णाची बाजू आपण का घेतो?

‘नायक उदात्त आहे, म्हणून वाचकाला त्याच्याबद्दल सहानुभूती वाटते.’ कादंबरीवरच्या संशोधन आराखड्यात असं वाक्य हमखास येतं. गाइड तिथे लाल रेघ मारतात, आणि ते बरोबरच आहे. सहानुभूती पात्राच्या गुणांमुळे वाटते, की गोष्ट कोण सांगतंय त्यामुळे? हे आधी तपासायला हवं.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) घ्या. तिचे निवेदक सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. आता यादीत कोण नाही ते बघा. द्रौपदी नाही, अर्जुन नाही. बोलतात ते स्वतः कर्ण, त्याची आई, मित्र, बायको आणि भाऊ. कृष्ण तेवढा पांडवांकडचा, पण कर्णाच्या जन्माचं रहस्य त्याला ठाऊक असतं. महाभारतातला कर्ण द्यूतसभेत द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरतो. कादंबरीत ती सभा येईपर्यंत आपण त्याचे अपमान आतून सोसलेले असतात. म्हणून राग आला तरी आपण त्याला सोडत नाही. द्रौपदीला एक प्रकरण मिळालं असतं तर?

त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. कर्ण तोच, पण इरावतीबाई बाहेर उभ्या राहून त्याच्या वागण्याचा हिशेब मांडतात. तिथे कर्ण समजतो, पण आपण त्याची वकिली करत नाही.

मग ‘मी’ म्हणून बोलायला मिळालं की काम झालं? तसंही नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही स्वतः बोलतात. तरी देवयानीला शर्मिष्ठेइतकी माया मिळत नाही, कारण तिची बाजू आपण बाकी दोघांच्या तोंडूनही ऐकतो. आणि सगळ्यांत उदात्त असा कच? तो निवेदकच नाही. दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो, म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटतो. जीव मात्र चुकणाऱ्या ययातीसाठी तुटतो. आदर आणि सहानुभूती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात त्यांची गल्लत करू नका.

तुमच्या कादंबरीसाठी तीन रकान्यांचा तक्ता करा: प्रसंग, तो कोण सांगतं, आणि तिथे हजर असूनही कोणाला बोलायला मिळत नाही. पहिले दोन रकाने पटकन भरतील. तिसऱ्यावर वेळ घालवा; संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडतो.