सौझा येथील पाउलें व खोदचित्रें : एक परीक्षण

ब्राझील देशाच्या पाराइबा प्रांतांत सौझा गांवाजवळ सेरोते दो लेत्रेइरो नांवाचें स्थळ आहे. तेथें डायनासोरांच्या पाउलांचे ठसे व मनुष्यानें कोरलेलीं चित्रें एकाच शिलापृष्ठावर शेजारीं शेजारीं आढळतात. त्यांवर लेओनार्दो त्रोइआनो व त्यांचे तीन सहकारी यांचा निबंध मार्च २०२४ मध्यें ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. वर्णन काळजीपूर्वक केलेलें आहे. बहुतेक चित्रें वर्तुळाकार असून कित्येकांच्या आंत रेषा आहेत. आणि एकाही चित्रानें ठशास धक्का लाविलेला नाहीं. यावरून कोरणाऱ्यांनीं ठसे पाहिले व त्यांस महत्त्व दिलें, असें लेखक सुचवितात.

पाहिले, इतकें आम्हांस मान्य आहे. वीतभर अंतरावर बसून कोरणाऱ्यास तीन बोटांचें पाऊल दिसलें नसेल, हें संभवत नाहीं. परंतु त्या पाउलांमुळेंच तो तेथें बसला, हें सिद्ध होण्यास एवढें पुरत नाहीं. आमच्या कोंकणांतील कातळशिल्पेंच पाहावीं. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचें गोठणें, सर्वत्र जांभ्याचा सपाट सडा. हा जांभा डायनासोर नष्ट झाल्यानंतरचा. त्यांत त्यांचें पाऊल असण्याचें कारणच नाहीं. तरीही तेथें पशु, माणसें व चौकटी विपुल कोरल्या गेल्या. उघडा सपाट कातळ हेंच कोरण्यास पुरेसें निमित्त होऊं शकतें. तेव्हां सौझाच्या परिसरांत ठसे नसलेले तसेच खडक किती, व त्यांवर चित्रें किती, या गणनेवरच वादाचा निकाल लागेल.

कालनिर्णयाविषयीं तर अधिकच जपावें. ९४०० ते २६२० वर्षांपूर्वींचा जो काळ सांगितला जातो, तो त्या प्रांतांतील दफनांवरून घेतलेला आहे, खुद्द कोरीव रेषांवरून नव्हे.

जळकोट, उदगीरकडील जिज्ञासूंनीं मात्र आपल्या माळावर अशीं पाउलें शोधण्याची घाई करूं नये. सौझाचा खडक ओल्या गाळाचा : पाऊल उमटलें, गाळ सुकला, वर दुसरा थर बसला. जळकोटचा काळा फत्तर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या तप्त लाव्ह्याचा. त्यावर कोण चालणार? खडकांत खळगा दिसला कीं भीमाचें पाऊल म्हणण्याची चाल आपल्याकडे आहेच. अशा जागीं कोरीव रेषा आढळल्यास त्यांचें मोजमाप व छायाचित्र आधीं घ्यावें, आणि खळग्याची कथा निराळ्या पानावर टिपावी.