ओठ कुणाचे, नाव कुणाचे?

चळवळीतील आपली माणसे कवितेची समीक्षा करतात, आत्मकथनाची करतात, नाटकाचीही करतात. गाण्याच्या चित्रफितीची मात्र कुणी करीत नाही. ती करमणूक आहे, असे म्हणून आपण तिला सोडून देतो. परंतु आज वस्तीतल्या पोराच्या हाती कवितासंग्रह क्वचित पडतो. चित्रफीत रोज पडते. बाबासाहेबसुद्धा पुष्कळदा त्याला आधी गाण्यातून भेटतात आणि पुस्तकातून नंतर. म्हणून या माध्यमाचे तंत्र तपासणे हे आपल्या सामाजिक विचाराचेच काम आहे.

हे तंत्र मुख्यतः तीन संकेतांवर उभे आहे. पहिला संकेत ओठांचा. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. चित्रीकरणाच्या वेळी ते वाजविले जाते आणि समोरचा माणूस ओठ हलवितो. म्हणजे आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असू शकतो. दुसरा संकेत तालाचा. ठेका पडला की दृश्य बदलते, त्यामुळे डोळ्याला एका चेहऱ्यावर ठरताच येत नाही. तिसरा संकेत मांडणीचा. गायक पुढे आणि बाकीची माणसे मागे: नाचणारी, हसणारी, चालणारी, पण न बोलणारी. हे संकेत वरवर निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात चित्रात माणूस कोण आणि देखावा कोण, याचा निकाल तेच लावतात.

अमेरिकेत हा निकाल फार लवकर उघडा पडला. १ ऑगस्ट १९८१ रोजी तिथे एमटीव्ही ही दिवसरात्र चित्रफिती दाखविणारी वाहिनी सुरू झाली. आरंभीच्या काळात तिच्यावर काळे गायक अपवादानेच दिसत. आमची वाहिनी 'रॉक' संगीताची आहे, असे कारण पुढे केले जाई. आपल्याकडे 'गुणवत्ता' हा शब्द जे काम करतो, तेच काम तिथे हा शब्द करीत होता. १९८३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने त्याच वाहिनीवरील मुलाखतीत याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनची 'बिली जीन' ही चित्रफीत तिच्यावर झळकली.

तिच्यात जॅक्सन चालतो आणि त्याचे पाऊल पडताच फरशी उजळते. एक माणूस कॅमेरा घेऊन त्याच्या पाळतीवर आहे. तो छायाचित्र काढतो, पण जॅक्सन त्यात उमटतच नाही. कुणी याला केवळ करामत म्हणेल. मला तसे म्हणता येत नाही. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आपल्याच पावलांची धूळ पुसत चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदविले आहे. ज्यांच्या पूर्वजांची पावले पुसली गेली, त्यांना पावलाखाली उजळणारी फरशी निराळी दिसणारच. दिग्दर्शकाच्या मनात हा अर्थ होता, असा माझा दावा नाही. आपल्या इतिहासातून पाहणाऱ्याला तो दिसतो, एवढेच. मात्र या चित्रफितीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तो रस्ता जवळजवळ रिकामा आहे. एक काळा माणूस उजळतो. त्याचा समाज चौकटीत नाही.

तो समाज चौकटीत आणला स्पाइक ली याने. 'पब्लिक एनिमी' या गटाच्या 'फाईट द पॉवर'साठी १९८९ साली त्याने ब्रुकलिनच्या रस्त्यावर मोर्चाच भरविला. आरंभी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची वृत्तचित्रे आहेत. मग माणसांचा लोंढा येतो, हातांत काळ्या नेत्यांची चित्रे आहेत, आणि गाणारे त्या लोंढ्याचाच भाग आहेत. इथे गर्दी ही पार्श्वभूमी नाही, तीच आशय आहे. संकेत मोडता येतात, याचा हा पुरावा.

आपल्या देशात मार्च २०२१ मध्ये आलेली 'एन्जॉय एन्जामी' ही तमिळ चित्रफीत मला या दृष्टीने महत्त्वाची वाटते. धी आणि अरिवू हे तिचे गायक, शब्द अरिवूचे. अरिवू दलित आहे. त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली. त्या म्हातारीला चित्रफितीत सिंहासनासारख्या आसनावर बसविले आहे. राबणाऱ्या बाईला एरवी मागच्या रांगेत दोन क्षण मिळतात. इथे तिला मध्य मिळाला. पण चित्रफितीत कमावलेले बाहेर टिकले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक आला, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनात हे गाणे सादर झाले, तेही अरिवूशिवाय. चौकटीच्या आत सिंहासन आणि चौकटीबाहेर वेस, असा हा प्रकार आहे.

आता आपल्या भीमगीतांच्या चित्रफितींकडे वळू. इथे दोष दुसऱ्याला देऊन भागणार नाही. निळा प्रकाश, आकाशातून टिपलेली दीक्षाभूमी, एकसारख्या पोशाखातील नाचणाऱ्यांच्या रांगा, गॉगल लावलेला गायक: हा साचा आपण सिनेमाकडून जसाच्या तसा उचलला. पूर्वी झील धरणारे गायकाच्या पाठीशी उभे राहून गात. त्यांच्या जागी आता भाड्याने आणलेली शरीरे आली. वर्गात मी विद्यार्थ्यांना अशा काही चित्रफिती आवाज बंद करून दाखविल्या. हे गाणे कशाबद्दल आहे, असे विचारल्यावर एकाने 'लग्नाची वरात' असे उत्तर दिले. तो चुकला नव्हता. चित्रात विचाराचा मागमूस नव्हता.

याहून गंभीर गोष्ट नावाची. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत 'वामन' असा येतो. गाणे तोंडोतोंडी फिरणार, कागद सोबत जाणार नाही, म्हणून कवीने आपली सही गाण्यातच ठेवली. मी पाहिलेल्या कित्येक चित्रफितींत नाचाला जागा हवी म्हणून शेवटचे कडवेच गाळले आहे. पडद्यावर निर्मात्याचे, नृत्यदिग्दर्शकाचे, कंपनीचे नाव ठळक येते. कवीचे येत नाही. प्रस्थापितांनी आपली नावे पुसली, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. इथे पुसणारा हात आपलाच आहे.

तंत्र कुणाच्या बापाचे नाही. ते आपल्या पोरांच्या हाती आले, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांना नाचू नका, असे मी म्हणणार नाही. आनंदावर आपला हक्क आहे. पण शेवटचे कडवे कापू नका. कवीचे नाव पडद्यावर लिहा. झील धरणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर, ठेका पडला तरी, कॅमेरा थोडा थांबू द्या. तिचे ओठ हलत असतील, तर आवाजही तिचाच असू द्या.