वारकरी अभंगातील सुख : सेवा कोणाची, समाधान कोणाचे?

संतकाव्याच्या अभ्यासात 'सुख' हा शब्द इतका परिचयाचा झाला आहे की, त्याची चिकित्सा करण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. भक्ती आणि सेवा यांतून अक्षय सुख लाभते हा संतांचा सिद्धांत, अभंग हा त्या सिद्धांताचा आविष्कार आणि त्या आविष्कारातील उत्कटता उलगडून दाखविणे हे समीक्षकाचे काम, अशी एक विभागणी आपण गृहीत धरून चालतो. या गृहीतकामुळे एक साधा प्रश्न मागे राहतो. ज्या सेवेतून हे सुख निष्पन्न होते, ती सेवा करणारा कोण आहे आणि ती त्याने निवडलेली आहे काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय वारकरी काव्यातील सुखाची संकल्पना नीट हाती लागत नाही, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

या विषयाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन दिशांनी झाला. गुरुदेव रा. द. रानडे यांनी 1933 साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या अनुभूतीला स्वतंत्र प्रामाण्य दिले. तुकोबांची व्याकुळता आणि तिच्यानंतर येणारी कृतार्थता यांची त्यांनी लावलेली संगती आजही आपल्या अध्यापनाचा कणा आहे. परंतु ही संगती काव्याबाहेरून आलेली आहे. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली 1869 पासून संपादित झालेल्या आणि 1950 साली शासनाने पुन्हा प्रकाशित केलेल्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. ते रचनेच्या कालक्रमाने लावलेले नाहीत. आधी दुःख व शेवटी सुख ही चढण चरित्रकाराला हवी असते. गाथेत मात्र दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. दुसरी दिशा गं. बा. सरदार यांची. 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (1950) या ग्रंथाने संतांना समाजाच्या इतिहासात उभे केले. पण तेथील मुख्य प्रश्न फलाविषयीचा आहे, अनुभूतीच्या घडणीविषयीचा नाही. परिणामी एका बाजूला समाजाविना सुख आणि दुसऱ्या बाजूला सुखाविना समाज अशी फाळणी झाली. सुख हाच एक सामाजिक संबंध असू शकतो, ही शक्यता या दोहोंच्या मधल्या जागेत पडून राहिली.

या शक्यतेचा विचार संप्रदायाच्या मूळ कथेपासूनच करता येतो. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गढलेला असताना देव दारी येतो. पुंडलिक सेवा सोडून उठत नाही. विटेवर उभे राहावयास सांगतो आणि देव थांबतो. येथे सेवेचा विषय देव नाही, माणसे आहेत. आणि ताटकळतो तो देव. पंढरपूरच्या मूर्तीचे स्थिर उभे राहणे, जे पाहण्यात वारकऱ्याला सुखाची परिसीमा वाटते, ते या कथेनुसार दुसऱ्या कुणाच्या तरी सेवेचा मान राखण्यातून आलेले आहे. या सुखाला एक परस्परता अभिप्रेत आहे, हे या कथेतून दिसते.

ज्ञानेश्वरीत (1290) या परस्परतेला तात्त्विक रूप मिळते. अठराव्या अध्यायात स्वकर्म हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा ठरते. कर्म टाकून नव्हे, तर ते अर्पण करून संतोष साधतो, हा विचार संन्यासापुढे प्रपंचाला मान देणारा आहे, हे निःसंशय. परंतु गीतेतील 'स्वकर्म' वर्णव्यवस्थेने वाटून दिलेले आहे. ज्याच्या वाट्याला अध्ययन आले त्याने ते अर्पण करणे आणि जिच्या वाट्याला दळणकांडण आले तिने ते अर्पण करणे, या दोन क्रिया तत्त्वतः समान असल्या तरी अनुभवतः समान नाहीत. या सिद्धांताची कसोटी म्हणूनच भाष्यात लागत नाही. ती अभंगात, त्यातही दासीच्या आणि महाराच्या अभंगात लागते.

गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. नामदेवांची दासी म्हणून स्वतःची ओळख देणारी तिची नाममुद्राच सेवेच्या सक्तीची नोंद करते. दळण, कांडण, पाणी भरणे, शेणी वेचणे ही तिच्या काव्यातील कामे रूपके नाहीत. तिच्या दिवसाचा तो हिशेब आहे. विठ्ठल येतो आणि या कामांत हातभार लावतो, तिची वेणीफणीही करतो. यावर एक आक्षेप संभवतो. ही कष्टकरी स्त्रीने स्वतःची घातलेली समजूत आहे. तिने दास्य सुसह्य झाले, संपले नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरेसा नाही. केवळ समजूत असती तर काव्यातून काम नाहीसे झाले असते. जनाबाईच्या काव्यात काम जागेवरच राहते. बदलतो तो कामाचा एकटेपणा. जे श्रम घरात कुणाच्या खिजगणतीत नाहीत, त्यांना येथे साक्षीदार मिळतो आणि तो साक्षीदार स्वतः जात्याचा खुंटा धरतो. जिची सेवा सर्वांनी घ्यावयाची, तिची सेवा करणारा देव ती कल्पिते. तिचे सुख या उलटापालटीत आहे. ते सेवा केल्याने आलेले नाही. सेवा दुतर्फा झाल्याने आलेले आहे.

चोखामेळ्याच्या काव्यात नेमकी ही दुतर्फा वाट अडते. पुंडलिकाच्या कथेत देव दाराबाहेर उभा होता. येथे भक्त महाद्वाराबाहेर उभा आहे. चोखोबांचे 'जोहार' या दृष्टीने पुन्हा वाचावे लागतील. महाराने धन्याला करावयाचे वंदन ते देवाला करतात आणि गावकीची चाकरी देवाच्या दरबारी रुजू करतात. पुढे एकनाथांनीही महाराच्या मुखाने जोहार रचले. नाथांच्या रचनेत ती भूमिका आहे. भारूड संपले की ती उतरविता येते. चोखोबांना ती उतरविता येत नाही. त्यामुळे सेवकभावाची तीच शब्दावली एका ठिकाणी विनयाचे रूपक होते, तर दुसऱ्या ठिकाणी वस्तुस्थिती. चोखोबा कधी पूर्वकर्माचा दाखला देऊन दैन्य स्वीकारतात, तर कधी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारतात. या दोहोंत त्यांचे समाधान स्थिर होत नाही. आणि ही अस्थिरता भक्तीतील उणीव म्हणून नव्हे, तर प्रामाणिकपणा म्हणून वाचावयास हवी. त्यांचा मुलगा कर्ममेळा याहून पुढे जातो. उष्टे खाण्यात जन्म घालविणाऱ्यांना सुखाच्या गोष्टी सांगणाऱ्या देवाला लाज वाटत नाही का, असा त्याचा रोख आहे. संप्रदायाने हा आवाजही आपल्या परंपरेत जपला, ही लक्षणीय बाब आहे.

मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून 1338 साली चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले ते 1947 साली. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. भक्तीने सामाजिक मुक्ती साधत नाही अशी धारणा असलेल्या विचारवंताने केलेली ही अर्पणपत्रिका, चोखोबांच्या काव्याकडे केवळ शरणागती म्हणून पाहणाऱ्यांनाही थांबून विचार करावयास लावते. सहाशे वर्षांची ही प्रतीक्षा बाजूला ठेवून चोखोबांच्या अभंगातील 'आनंदा'वर टिपण काढणे म्हणजे काव्याचा अर्धा अर्थ गाळणे होय.

मग 'शाश्वत' या विशेषणाचे काय करावयाचे? वारकरी काव्य मोक्षाला अंतिम ध्येय मानण्यास वारंवार नकार देते. तुकोबा तर मुक्तीपेक्षा संतसंगासह पुनर्जन्म पसंत करतात. याचा अर्थ असा की, येथे शाश्वत म्हणजे एकदा मिळून कायम राहणारे नव्हे, तर पुनःपुन्हा घडवावे लागणारे. आषाढी-कार्तिकीची वारी दर वर्षी करावी लागते, दळण रोज दळावे लागते. हे सुख वस्तूसारखे टिकत नाही, संबंधासारखे टिकते. आणि संबंध एकतर्फी झाला की सुख तुटते, ही जाणीव चोखोबा आणि कर्ममेळा यांनी काव्यातच नोंदवून ठेवलेली आहे.

भक्ती व सेवा यांतून सुख मिळते, हे विधान म्हणून खोटे नाही. ते अपुरे आहे. सेवा घेणारा सेवा करणाऱ्यासाठी विटेवर उभा राहावयास, जात्याचा खुंटा धरावयास तयार आहे काय, ही अट संतांनीच त्याला जोडलेली आहे. ती अट वगळून होणारे विवेचन कितीही श्रद्धापूर्ण असले, तरी ते महाद्वाराच्या आतल्या बाजूने लिहिलेले असते.